मास्तरांच्या काखेतलं अवधाण

मी एक जुनी गाठ आहे. दचकू नका मित्रांनो, मी रोगाची गाठ नव्हे. मी जन्मापासूनची, घेवड्याच्या दाण्याएवढी लसिकाग्रंथी. मुक्काम एका शिंपीमास्तरांच्या डाव्या काखेत, वय त्यांच्याइतकंच, म्हणजे अठ्ठावन्न. जागा घामट आहे, पण तक्रार नाही.

माझं काम सांगते. रक्त नळ्यांतून धावताना त्यातलं थोडं पाणी बाहेर झिरपतं आणि पेशींभोवती साचतं. ते कोणी परत नेलंच नाही, तर हात सुजून भोपळा व्हायचा. बारीक वाहिन्या ते गोळा करतात. त्यालाच लसिका म्हणतात. ती माझ्याकडे येते, मी गाळते, माझ्या पांढऱ्या पेशी त्यातले जंतू पकडतात आणि मग ती गळ्याखाली पुन्हा रक्तात मिसळते. रक्ताला ढकलायला हृदय आहे. त्याचे केवढे लाड! आमच्या नशिबी तसा पंप नाही. वाहिन्या आपापल्या थोड्या आवळतात, बाकी सगळी भिस्त माणसाच्या हालचालीवर आणि श्वासावर. वाटेतल्या झडपा लसिकेला मागे फिरू देत नाहीत, एवढंच.

मास्तरांचा हात दिवसभर चालायचा, त्यामुळे माझं बरं चाललं होतं. पण त्यांना एक खोड होती. सुई टोचली की बोट आधी तोंडात! का, तर कापडाला रक्ताचा डाग नको. "बोट भरून येतं, कापड नाही," असं वर ऐकवायचे.

गेल्या वर्षी एक पांढरा कोट शिवताना सुई डाव्या तर्जनीत खोल घुसली. मास्तरांनी बोट चोखलं, चिंधी गुंडाळली आणि काम पुढे चालू. दुसऱ्याच दिवशी जंतूंची झुंड माझ्या दारात! मी भराभर पेशी वाढवल्या, लढायला लागले आणि फुगून लिंबाएवढी झाले. अशा सुजलेल्या गाठीलाच अवधाण म्हणतात. वाटलं, आता तरी हे बोटाकडे बघतील. कुठलं काय!

"अगं, काखेत अवधाण आलंय," ते बायकोला म्हणाले. "तेल लावून जोरात चोळ. बसेल."

आधीच माझी त्रेधातिरपीट, त्यात हे रगडणं. जीव अगदी मेटाकुटीला आला. बाईंना तरी काय ठाऊक? राग आला तो मास्तरांचा.

तिसऱ्या दिवशी अंगात कणकण भरली, तरी स्वारी टेबलाशीच. मास्तरीणबाई चहा घेऊन आल्या आणि थबकल्या. मनगटापासून दंडाकडे एक लाल रेघ चढली होती.

"अहो, हे काय?"

"काय असणार? खडू लागला असेल." आखणीचा लाल खडू समोरच पडला होता.

बाईंनी ओल्या फडक्याने पुसलं. रेघ जाईना. जरा जोर लावला, तर मास्तर कळवळले. ती माझ्याकडे येणारी वाहिनी होती मित्रांनो, सुजून लाल झालेली. जंतू मला ओलांडून रक्तात शिरले असते, तर मास्तरांच्या जिवावरच बेतलं असतं.

"एवढा कोट संपवतो, मग जाऊ."

"चुलीत गेला तो कोट! उठा आधी." बाईंनी कोट बाजूला सारला.

डॉक्टरबाईंनी चिंधी सोडली, पू काढला, सुईने औषध दिलं. मग काख चाचपून म्हणाल्या, "घाव बोटाला आणि तुम्ही चोळताय काख? ही गाठ तुमच्यासाठी लढतेय, मास्तर. आणखी उशीर केला असता, तर हिचंही काही चाललं नसतं."

अठ्ठावन्न वर्षांत माझ्याबद्दल कोणी चांगलं बोललं ते हे पहिल्यांदा. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

हात वाचला. काही दिवसांनी मी पुन्हा दाण्याएवढी झाले. मास्तर काख चाचपून म्हणाले, "गेली एकदाची!"

"गेली कुठे? आहे तिथेच," मास्तरीणबाई म्हणाल्या. "निवांत असू द्या तिला."

मित्रांनो, जखम झाली की साबणाने धुवा. एका जागी तासन्‌तास बसू नका. गाठ आली, तर चोळण्याआधी ती का आली ते शोधा, आणि बसत नसेल तर, दुखत नसली तरी, डॉक्टरांना दाखवा. तुमच्या अंगात आम्ही शेकडो जणी आहोत. कौतुक नको आम्हाला. पण सुजणं ही आमची एकच भाषा आहे, तेवढी शिकून घ्या.