ओलं वजन

आठ दिवस तापाने फणफणून ती प्रयोगशाळेत परतली, तर टेबलावर छापील पत्रक. 'नव्या औषधाने लाल शैवालाची वाढ दीडपट!' खाली सरांचं नाव, त्याखाली तिचं. तिचं डोकंच फिरलं.

तीन वर्षं तिने हे लाल शैवाल काचेच्या चंबूंत तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. बारा चंबूंत नुसतं समुद्राचं पाणी, बारांत वाढीच्या औषधाचे थेंब. निकाल चांगला आला, तर किनाऱ्यावर दोऱ्यांना शैवाल बांधून पिकवणाऱ्या बायकांना ते औषध द्यायचं होतं. तिला लहानाची मोठी करणारी मावशी त्यांच्यातलीच. साध्या पाण्यातल्या फांद्या तिने स्वतः तोलल्या आणि अंथरूण धरलं. औषधातल्या फांद्या सरांनी तोलल्या.

"टिपकागदात तीनदा दाबून तोलल्यात ना, सर?"

"अगं, निकाल बघायला आलेले पाहुणे खोळंबले होते. चिमट्याने झटकल्या की!"

झटकल्या! कोथिंबीर झटकावी तशा! शैवाल अंगावर किती पाणी धरून बसतं, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनासुद्धा कानीकपाळी ओरडून सांगणारा हा माणूस. पाहुणे दिसले आणि सगळं विसरला.

तिने चिमटा उचलला. औषधातली पहिली फांदी काढली. शेंडे फिकट पडलेले. सरांच्या वहीत तिचं वजन तीन ग्रॅम. टिपकागदात तीनदा दाबल्यावर काटा एक पूर्णांक सातवर थांबला. साध्या पाण्यातल्या फांद्या दोनच्या खाली नव्हत्या. बाराही चंबूंची तीच रड.

"हे औषध वाढवत नाही, सर. उलट खातंय."

"तू दाबतेस जरा जास्तच."

"मग घ्या, तुम्ही दाबा."

सरांनी दोन बोटांनी, बाळाचं नाक पुसावं तसं, दाबलं. कागद तरीही चिंब झाला. सरांनी तो चुरगाळून टोपलीत टाकला.

"पत्रकं आणि औषधाच्या बाटल्या परवाच किनाऱ्यावर वाटल्यात. आता मागे घेतल्या, तर माझी छी थू होईल. आणि तुझी पदवी माझ्या सहीवर अडलीय, विसरू नकोस."

"पदवी घाला चुलीत!"

तीन वर्षं पाण्यात गेली, हे तिला कळत होतं. तरी आत्ता तिला सरांची गचांडी धरावीशी वाटत होती. त्याऐवजी तिने तिथेच, त्यांच्यासमोर, मावशीला फोन लावला.

"मावशी, औषध वाटायला कोणी आलं असेल, तर शैवालाला लावू नकोस."

"आता सांगतेस होय? कालच बियाण्याच्या सगळ्या फांद्या त्यात बुडवून दोऱ्यांना बांधल्या. शेजारीण म्हणत होती, आधी एकाच दोरीवर करून बघ. मी म्हटलं, गप गं, माझ्या पोरीचं नाव आहे खाली."