पडद्यास छिद्रे आहेत

साहेब, तुम्ही आमच्या थिएटरात मोजून अकरा मिनिटं होतात आणि तेवढ्यात तुम्ही आमचा निकाल लावलात. तुम्ही एकाही खुर्चीवर बसला नाहीत. यंत्र लावून दाखवतो म्हटल्यावर "नको, नको, अजून दोन ठिकाणं करायचीत" म्हणालात. टॉर्च मारलात, एक ओळ लिहिलीत, सही घेतलीत आणि गेलात. ती ओळ माझ्याबद्दल होती. त्या ओळीवरून आता हे अख्खं थिएटर पाडायचं ठरतंय.

मित्रांनो, तुम्ही दचकू नका. एवढं साहेबांशी बोलणं होतं. बाकीचं तुमच्याशी आहे. साहेबांनीही ऐकलं तर बरं, म्हणून जरा मोठ्याने बोलतो.

मी सिनेमाचा पडदा आहे. तीस फूट रुंद, सोळा फूट उंच. वय विचाराल तर या रस्त्यावरच्या पुष्कळ आजोबांइतकं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आणि औषधाचं दुकान, या दोघांच्या मधल्या दगडी इमारतीत मी आल्या दिवसापासून टांगलेला आहे. जुन्या, जपायच्या इमारतींची एक यादी असते. आमचं थिएटर त्या यादीत गेलं तर राहील. नाही गेलं तर सरकार ही जागा घेईल आणि इथे मोटारी उभ्या करायची पाच मजली इमारत होईल. यादीत जायला अट एकच आहे, सगळं चालू स्थितीत हवं. आमच्या भिंती पास झाल्या. छप्पर पास झालं. यंत्र पास झालं. नापास झालो तो मी एकटा.

का नापास झालो ते कळायला आधी माझा जन्म ऐकावा लागेल.

एका कारखान्यात लांब पांढऱ्या पट्ट्या काठाला काठ लावून जोडल्या गेल्या आणि मी झालो. पट्ट्या जोडणारी बाई इतकी तरबेज होती की तो जोड आजही हाताला लागतो, डोळ्याला दिसत नाही. मग मला एका मोठ्या रुळाखालून नेलं. त्या रुळाला बारीक खिळे होते. मी त्याच्याखालून गेलो आणि माझ्या अंगाला लाखो भोकं पडली. एकेक भोक टाचणीच्या डोक्याहून लहान, सगळी सरळ ओळीत. मी घाबरलो. जन्मल्या जन्मल्या फाटलो असं मला वाटलं. कारखान्यातला म्हातारा मुकादम मला उजेडात धरून म्हणाला, "वा, आता याला आवाज फुटेल."

तो काय म्हणाला ते मला इथे आल्यावर कळलं. बुटाची नाडी ओवावी तसं मला दोरीने चौकटीत ओवून ताणलं. माझ्या पाठीमागे दोन पुरुष उंचीचे कर्णे उभे केले. मित्रांनो, सिनेमातला आवाज पडद्याच्या मागून येतो. तो माझ्यातून गाळला जाऊन तुमच्यापर्यंत पोचतो, म्हणून तर पडद्यावरचा माणूस स्वतःच्या तोंडाने बोलतोय असं वाटतं. खोटं वाटत असेल तर तोंडावर जाड चादर धरून बोला. मग पिठाची चाळणी धरून बोला. घरच्यांना विचारा कोणतं बोलणं कळलं.

मी आजवर एकही सिनेमा पाहिलेला नाही. चित्र माझ्या अंगावर पडतं, मला ते कसं दिसणार? मी पाहिली ती माणसं. सहाशे चाळीस खुर्च्या आणि त्यांतली उजेडाने उजळलेली तोंडं. बाहेर ज्यांचं एकमेकांशी पटत नाही अशी माणसं एकाच वेळी रुमाल काढताना मी पाहिली. आठवडाभर गिऱ्हाइकांवर खेकसणारा शिंपी एका कुत्र्याच्या गोष्टीला ढसाढसा रडला. त्याच्या बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू हा नवा माणूस कुठून आला. एवढं सुंदर दृश्य मला वाटतं माझ्या अंगावर कधी उमटलं नसेल.

आणि आमचे ऑपरेटरकाका. वर खोलीत दोन यंत्रं. एकावरचं रीळ संपायला आलं की चित्राच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो. त्या क्षणाला दुसरं यंत्र सुरू करायचं. डोळा लवला की चुकलं. काका चुकले नाहीत. खाली सहाशे माणसांपैकी एकालाही रीळ बदललेलं कळत नसे, आणि ते कळू नये यासाठीच काकांनी जन्म घालवला. आपलं काम कोणाला दिसू नये म्हणून झिजणारी माणसं जगात किती असतील?

माझी देखभाल करायची ती मावशी. ती झाडू मारायला आली आणि माझी झाली. दर सोमवारी सकाळी शिडीवर चढून मऊ ब्रशने मला वरून खाली झटकायची. पाणी लावायचं नाही, बोट टेकवायचं नाही, खालून वर ब्रश न्यायचा नाही, नाहीतर धूळ भोकांत जाते. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिनं माझ्याकडे बघून बघून शोधलं होतं. "हलू नकोस रे," म्हणायची, "आंघोळ चाललीय." पंख्याने मी हललो की ओरडा मलाच.

ती एकदाच रजेवर गेली, लेकीच्या बाळंतपणाला. आणि नेमकं तेव्हाच मालकांच्या जावईबापूंच्या डोक्यात आलं, की सासऱ्यांना खूश करावं. मालक आजारपणातून उठून हवापालटाला गेले होते. मी थोडा पिवळट दिसायला लागलो होतो. जावईबापूंनी रंगारी बोलावला आणि भिंतीचा पांढरा रंग मला दोन हात दिला. मला श्वास घेता येईना. जावईबापू खाली कमरेवर हात ठेवून उभे. "कसा दिसतोय? नवरदेव की नाही?"

संध्याकाळी खेळ लागला. चित्र असं लख्ख, की लोकांनी टाळ्या दिल्या. मग नायिका बोलायला लागली आणि आवाज पाण्याच्या टाकीतून यावा तसा आला. मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, तोंडातला घास गिळा आधी." सगळं थिएटर हसलं. काकांनी यंत्र उघडलं, तारा तपासल्या, दिवा बदलला. आवाज तसाच.

मध्यंतरात एक गृहस्थ बहिणीचा हात धरून पुढे आले. त्यांना डोळ्यांनी दिसत नसे. खुर्च्यांची वेताची बैठक विणायचं त्यांचं काम, म्हणून सगळे त्यांना वेतवाले म्हणत. दर आठवड्याला यायचे. चित्र बहीण कानात सांगायची, बाकीचं ते ऐकायचे. ते काकांना म्हणाले, "तुमच्या यंत्राला काही झालेलं नाही हो. आवाज निघतोय बरोबर. वाटेत कोणीतरी आडवं उभं आहे."

मग ते माझ्याजवळ आले. मला बोट लावायला मावशी कोणाला देत नसे, पण मावशी नव्हती. त्यांनी दोन बोटं माझ्यावरून नेली, जशी विणलेल्या बैठकीवरून न्यायचे तशी. आणि थांबले.

"कोणी बुजवलं याला?"

जावईबापू म्हणाले, "बुजवलं म्हणजे? रंगवलंय. भोकं पडली होती जागोजागी."

वेतवाले म्हणाले, "जावईबापू, बासरीलासुद्धा भोकं असतात. तिलाही रंगारी बोलावता का?"

दुसऱ्या दिवशी निरोप मिळून मावशी आली. माझ्याकडे बघितलं आणि पहिल्या रांगेत बसली. मग म्हणाली, "नवा आणायचा म्हणजे काय ते मला माहीत आहे. वर्ष जाईल. तोवर थिएटर बंद, आणि बंद पडलेलं थिएटर परत उघडलेलं मी तरी पाहिलेलं नाही. सुया आणा."

मित्रांनो, त्यांनी माझी भोकं सुईने मोकळी केली. सगळी नाही, ते माणसाच्या हातून होणारं नाही. कर्ण्यांच्या समोरचा चौकोन तेवढा, दोन दारांएवढा. तरी दोन लाखांच्या वर भरली. रोज सकाळी माणसं यायची. तो रडणारा शिंपी रफूच्या सुयांचं पाकीट घेऊन आला. चष्मे विकणारी बाई आली, शाळेतल्या दोन मास्तरणी आल्या, ऑपरेटरकाका आले. पाठीमागून सुई टोचायची, सुकलेल्या रंगाची कपची पुढे पडायची. तिसऱ्या दिवशी जावईबापू आले. मावशीने त्यांच्या हातात सुई दिली आणि कोपरा दाखवला. ते असे बसले, की जेवायलाही उठेनात. तेव्हापासून त्यांचं नाव पडलं टोचेमास्तर.

वेतवाले शेवटी बोटांनी तपासायचे. "खालून चौथी ओळ, इथे दोन राहिलीत." कोणी कुरकुरलं तर म्हणायचे, "त्या दोन भोकांतून कोणाचा तरी निरोप जाणार असेल. तुम्हाला काय माहीत?"

एकोणीस दिवस लागले. विसाव्या दिवशी खेळ लागला. चित्रातल्या एका बाईने बशीवर कप ठेवला, त्याची किणकिण ऐकू आली, एवढंच. कोणी गाणं म्हटलं नाही, कोणी मेलं नाही. वेतवाले बहिणीला म्हणाले, "सांगू नकोस, कळलं. ती आत्ता या खोलीत आहे." त्यानंतरच्या टाळ्या मी विसरणार नाही. तोवर मी फक्त पडदा होतो, त्या दिवसापासून मी या लोकांचा झालो.

पुढे गर्दी आटली. माणसं घरी बसून पाहू लागली. त्यात त्यांचा दोष नाही. मालक गेले, वेतवाले गेले. जावईबापूंचे केस पांढरे झाले आणि ते मालक झाले. थिएटर विकायला त्यांना तीनदा लोक भेटून गेले. ते प्रत्येकाला एकच सांगत, "मी इथे एकोणीस दिवस टोचलंय. विकायचं कसं ते मला येत नाही." शनिवार-रविवारी खेळ लागायचा, शंभरेक माणसं यायची. मग त्यांनी त्या यादीसाठी अर्ज केला.

आणि तपासणीला साहेब आले.

साहेब मावशीबरोबर माझ्या मागे गेले. टॉर्च लावला. उजेड माझ्यातून ठिपक्याठिपक्यांनी पलीकडे पडला. साहेब म्हणाले, "अहो, ही तर चाळण झालीय."

मावशी हसली. "चाळणच आहे ती, साहेब."

तिला वाटलं, साहेब जाणकार आहेत, गंमत करतायत. साहेबांनी कागदावर लिहिलं आणि तिच्यापुढे धरलं. "वाचा आणि सही करा." मावशीने चष्मा लावून मोठ्याने वाचलं: "पडद्यास छिद्रे आहेत." तिचा चेहरा फुलला. एवढ्या वर्षांत सरकारी कागदावर कोणीतरी त्या छिद्रांची दखल घेतली होती. "अगदी बरोबर लिहिलंत," ती म्हणाली, आणि तिनं पूर्ण नाव लिहून सही केली.

तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं. जावईबापूंनी ते माझ्यासमोर उभं राहून वाचलं. "पडद्यास छिद्रे असल्याने पडदा निकामी आहे. सबब थिएटर चालू स्थितीत नाही. अर्ज नामंजूर. सदर बाब तेथील कर्मचाऱ्याने सहीनिशी मान्य केली आहे. हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावे."

मावशीने पत्र हातात घेतलं, दोनदा वाचलं. म्हणाली, "मी 'असल्याने'वर सही केली नव्हती. 'आहेत'वर केली होती."

"माहीत आहे मावशी."

"माझ्या सहीनं पाडणार हे."

जावईबापू म्हणाले, "मी याला रंग फासला, तेव्हा तुम्ही मला हाकललं नाहीत. सुई दिलीत. आता तुम्ही काय माझ्यासमोर रडताय?"

हरकत त्याच दिवशी गेली. भोकं, कर्णे, चाळणी, सगळं त्यात लिहिलं. ऑपरेटरकाकांनी आकृती काढून दिली. उत्तर नाही. मावशी रोज कार्यालयात जाते. तिथे सांगतात, फाइल वरच्या टेबलावर आहे. तिनं विचारलं, वर म्हणजे कुठे? त्यांनी छताकडे बोट दाखवलं. छतावर पंखा होता.

सोमवारी ती अजून ब्रश घेऊन येते. वरून खाली झटकते. पण बोलत नाही. मी हललो तरी ओरडत नाही. मित्रांनो, पाडण्यापेक्षा मला हे जड जातंय.

तुमच्याकडे मागणं लहानसं आहे. तुमच्या गावात जुनं थिएटर असेल तर आत जा, बसा, ऐका. एखादी गोष्ट मोडकी दिसली तर आधी तिच्याजवळ काम करणाऱ्याला विचारा, ती तशी का आहे. जावईबापूंनी विचारलं नव्हतं, पण नंतर सुई धरली. न विचारणं एक वेळ माफ होतं, सुई न धरणं होत नाही.

आता परत साहेब, तुम्ही. सुई तुमच्या हातात द्यायला मावशी आजही तयार आहे. तीस दिवसांतले बावीस गेले. मला दया नको, खुलासा हवा. मावशीने खरं तेच वाचलं आणि खऱ्यावर सही केली. 'आहेत'चं 'असल्याने' कोणत्या टेबलावर झालं? कोणाच्या हाताने झालं? मागून यंत्र लावून, खाली बसून, कोणी ऐकलं होतं का? लेखी सांगा, आठ दिवसांत सांगा. आणि उत्तर थिएटरच्या नावे पाठवू नका. सही जिची घेतलीत, त्या मावशीच्या नावे पाठवा.