पडद्यामागचे हसू

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. चित्रपटाचाच, पण थिएटरातला नव्हे. इथल्या मराठी मंडळींतल्या सईबाईंनी दोन पांढरी धोतरे मधोमध शिवून १९५८ साली मद्रासच्या तिरुवल्लिकेणीत मला तयार केले. लोक उगाच माझे नाव बदनाम करतात. घरातले काही लपवायचे असले की म्हणतात, 'पडदा टाका'. माझे काम मात्र नेमके उलटे होते.

आमच्या तंजावरी मराठी मंडळींच्या सभागृहात डॉक्टर शेषगिरी रविवारी दुपारी खिडक्या लावून मनाच्या आजारांवरचे छोटे चित्रपट दाखवत. मग खिडक्या उघडून विचारत, "आपल्यांत कोणास असे होते काय?" पुरुष माझ्यापुढे बसत, बायका मागे. रीतच तशी होती. मागून चित्र उलटे दिसे, पण दिसे. एका पडद्यात दोन खेळ, म्हणून मी केवढा फुशारलो होतो!

पुढच्या रांगेत राममूर्ती नावाचे कारकून बसत. दोन महिने त्यांना झोप नव्हती, जेवण जात नव्हते. एका रविवारी ते शेजारच्या दत्तोपंतांना म्हणाले, "आज मी बोलणारच."

त्या दिवशी चित्रपटातल्या आजारी माणसाने कित्येक दिवसांनी पहिला घास घेतला. पुढे पुरुष सरसावून पाहू लागले. मागे मात्र बायका खळखळून हसल्या. राममूर्तींचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी विचारले तेव्हा ते अर्धवट उठले, माझ्याकडे पाहिले आणि बसले. पुन्हा ते आले नाहीत. नोकरी सुटली. घरच्यांनी त्यांना तंजावरला भावाकडे नेले, तिथे ते कोणाशीच बोलेनासे झाले.

काही महिन्यांनी त्यांची बायको भवानी आली. "डाक्टर, आमचे हे त्या दिवशी उठले होते म्हणे. मग बोलले कां नाहीत?"

"मागे तुम्ही सर्व हासला, अम्मा. ते बसले."

"अय्यो! त्यांस नव्हे हो! चित्रातला तो डाव्या हाताने जेवत होता, म्हणून हासलो." ती खाली बसली. "मीच पहिली हासले."

तो तर उजव्याच हाताने जेवत होता. उलटे मी दाखवले होते. ते आठवले की अजून मला माझीच लाज वाटते.

मित्रांनो, असे खेळ जरूर करा, पण सगळ्यांना एकाच बाजूला बसवा. आणि कोणी बोलायला उठून मध्येच बसले, तर जवळ जाऊन विचारा. मला तोंड नव्हते. त्या दिवशी सभागृहात साठ माणसे होती. एकानेही विचारले नाही.