डब्याचा मालक

आमच्या निंबारीत प्रत्येक घरासमोर नळ आहे. नळाचा फोटो आहे. फोटोत नळाशेजारी घरधनीण उभी आहे आणि खाली जागेचे अक्षांश-रेखांशही छापले आहेत. त्यामुळे शासनाच्या लेखी गावाला पाणी मिळालेलं आहे. नळाला पाणी येतं की नाही हा वेगळा विषय आहे, आणि त्याची कचेरीही वेगळी आहे.

अकोटकडून दर्यापूरकडे जाताना लागणारा हा सगळा पट्टा खारपाणाचा. वर काळी कसदार जमीन, खाली मीठ. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ दुपारभर उकळली तरी शिजत नाही, चहात दूध टाकलं की फाटतं. ज्यांच्या किडन्या गेल्या त्यांची घरं गावात पत्ता सांगायला वापरतात. ‘सुंदराबाईच्या घरापासून डावीकडे’ म्हटलं की नवा माणूसही चुकत नाही.

अशा गावात माझ्या थोरल्या बहिणीनं, मनकर्णानं, बचत गटाच्या बायांना घेऊन पाणी गोडं करायचं मशीन विकत घेतलं. पुरे पैसे देऊन. बिल गटाच्या नावाचं, बोअर गटाचा, विजेचं मीटर गटाचं, आणि मशीन ठेवलं ती बुद्धविहाराशेजारची टिनाची खोलीही गटाचीच. अक्का गावातच दिलेली, त्यामुळे तिला सासर आणि माहेर दोन्हीकडचं खारं पाणी माहीत होतं. मशीन सुरू झालं आणि सगळ्या गावातली माणसं कॅन घेऊन विहाराच्या दारात रांगेनं उभी राहू लागली. ज्यांच्या घरात आमच्या घरचा चहा कधी चालला नव्हता, तेही. याला समाजपरिवर्तन म्हणायचं की तहान, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

ऐन वैशाखात मशीन बंद पडलं. बिघडलं नाही, बंद पडलं. लाल दिवा लागला आणि आतून एक बाई अत्यंत शुद्ध मराठीत म्हणाली, “अनधिकृत भाग आढळला आहे. कृपया अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधावा.” निंबारीत इतक्या अदबीनं आजवर कोणी कोणाला तहानलेलं ठेवलं नव्हतं.

मी अकोल्याला कॉलेजात शिकवतो. अक्कानं फोन केला म्हणून आलो, तर खोलीसमोर रिकाम्या कॅनांची रांग आणि कॅनांमागे माणसांची. सगळ्यात पुढे नत्थुजी, माजी सरपंच.

“काय झालं वं मनकर्णा?”

“मशीन म्हणते फिल्टर चोरीचा आहे.”

“तू चोरला काय?”

“अकोल्याहून आणला, पक्क्या बिलानं. तसाच आहे, नुसता त्याच्यावर कंपनीचा शिक्का नाई.”

“मंग मशीनले कसं समजलं?”

“तो पांढरा डबा हाय ना वरचा, त्याच्यात सिमकार्ड हाय. ते कंपनीले सगळं सांगत राह्यते.”

नत्थुजींनी डब्याकडे खालून वर पाहिलं. “म्हणजे आपल्या घरात राहून, आपली वीज खाऊन, आपल्याच चुगल्या करते.”

“काका, त्याले डेटा म्हणतात,” नितेश म्हणाला. नितेश म्हणजे नत्थुजींचा पुतण्या. अमरावतीला क्लास लावून स्पर्धा परीक्षा देतो, आणि शासन व तंत्रज्ञान या दोघांची बाजू आतापासूनच घेतो.

“चुगलीले डेटा म्हणतात? मंग माह्या भावजयीजवळ लय डेटा हाय.”

ती भावजय नितेशची आई होती.

दुसऱ्या दिवशी अक्का आणि मी अमरावतीला गेलो. कंपनीचं नाव स्वच्छोदक. कचेरी थंडगार, आणि कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा जार, दुसऱ्याच कंपनीचा. मॅनेजरचं नाव पियुष सर. वयानं माझ्या विद्यार्थ्यांएवढा, बोलायला त्या मशीनमधल्या बाईसारखा.

“मॅडम, मशीन तुमचंच आहे,” तो म्हणाला. “त्यातली नियंत्रण प्रणाली मात्र कंपनीची आहे. तुम्हाला ती वापरायची परवानगी दिलेली आहे.”

“परवानगी,” अक्का म्हणाली, आणि गप्प झाली. ती अशी गप्प झाली की मी खुर्ची थोडी मागे घेतो.

“बिलावर तर विक्री लिहेल हाय.”

“विक्री यंत्राची, मॅडम. प्रणालीची नाही.”

“मंग तुमचं जे हाय ते काढून घेऊन जा. आमचं लोखंड आमाले ठेवा.”

“ते काढलं तर वॉरंटी जाईल.”

“पाणी गेलं, साहेब. वॉरंटी प्याची काय?”

पियुष सर हसला नाही. हसायचं प्रशिक्षण त्याला बहुतेक विक्रीच्या आधीपर्यंतचंच दिलं असावं. त्यानं समजावून सांगितलं की, बाहेरच्या फिल्टरमुळे आरोग्याला धोका होऊ शकतो आणि कंपनी ग्राहकाच्या आरोग्याबाबत तडजोड करत नाही.

“म्हणजे आमी विहिरीचं खारं पाणी पिऊन राह्यलो, ते तब्येतीसाठी?”

“त्या पाण्याबद्दल कंपनी जबाबदार नाही.”

तिथून आम्ही पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेलो. साहेब भला होता. त्यानं दार लावून घेतलं आणि खाजगीत सांगितलं की निंबारी हे शंभर टक्के नळाचं गाव आहे. तिथं टंचाई आहे असं लिहिलं तर नळांचं काय झालं ते लिहावं लागेल, आणि ते लिहायला त्याच्याकडे रकाना नाही. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. इतकी वर्षं पोरांना मी सांगत आलो की, राज्यसंस्था म्हणजे काय हे समजायला अवघड असतं. उगाच सांगत आलो.

परतीच्या बसमध्ये दर्यापूर मागे पडल्यावर अक्का म्हणाली, “त्या कंपनीच्या पोरानं पाणी बी नाई विचारलं, संघपाल. जार होता ना.”

पुढच्या आठवड्यात पियुष सर स्वतःच गावात आला. गाडीतून उतरताना हातात एक कागद होता. गोष्ट सरळ होती. मनकर्णाबाईंनी सही करायची की गट हा मशीनचा मालक नसून परवानाधारक वापरकर्ता आहे आणि यापुढे कंपनीचेच भाग घेईल. सही झाली की तो मशीन तिथल्या तिथे फुकट सुरू करून देणार होता.

फुकट म्हटल्यावर गाव जमलं. आठवडाभर खारं पाणी पिऊन माणसांची तत्त्वं तशीही पातळ झाली होती. ज्या बायांनी तिच्यासोबत पैसे घातले त्याही म्हणू लागल्या, करून टाक बाई.

“कर वं सही,” नत्थुजी म्हणाले. “सही केल्यानं बोट झिजते काय? मशीन तर इथीच राह्यते.”

“आत्या, आजकाल असंच असते,” नितेश म्हणाला. “फोन घ्या, गाडी घ्या, टीव्ही घ्या. आपलं काहीच नसते. आपण फक्त वापरतो.”

“असं काय?” अक्का म्हणाली. “मंग काकाचं वावर मले देऊन टाक. मी म्हणीन, नत्थुजी, वावर तुमचंच, फक्त माती वापराची परवानगी मी देईन. चालते?”

लोक हसले. नत्थुजीही हसले, पण वावराचा विषय निघाल्यामुळे जरा सावध.

“गंमत सोड, मनकर्णा. उद्या माह्या घरी पोरीले, आचलले, पाह्याले पाहुणे येऊन राह्यले. फाटका चहा ठेवू त्याईच्यापुढं? तुयाच्यानं सगयं गाव अडून राह्यलं.”

“माह्याच्यानं?”

ती टिनाच्या खोलीच्या पायरीवर बसली होती, ती उठली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

“नत्थुजी, तुमच्या घरासमोरची विहीर कोणाची होती?”

“गावाची.”

“खोदली कोणं?”

उत्तर तिनंच दिलं.

“आमच्या लोकायनं. माह्या आज्यानं गाळ उपसला तिचा. अन् माह्या बाप, देवमन, त्याच विहिरीवर घागर घेऊन उन्हात बसे, कोणी वरून पाणी टाकीन म्हून. तुमचा बाप काय म्हणे त्याले? म्हणे, देवमन, विहीर तुयी बी हाय, फक्त काढाले इचारत जाय. हाच शब्द होता. मले वाटलं होतं ते दिवस गेले. आता हा पोरगा कागदावर लिहून आणते, मशीन तुमचं हाय, फक्त इचारत जा. अन् तुमी मले म्हणता सही कर.”

पियुष सरला यातलं किती समजलं कोणास ठाऊक. त्यानं सहीसाठी पेन उघडून ठेवलं होतं, त्याचं टोपण लावलं.

नत्थुजींना पश्चात्ताप झाला असं मी लिहिणार नाही. त्यांच्या मनात काय आलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. उद्याचा चहा त्यांच्या डोक्यात होता, एवढं नक्की. ते पियुष सरकडे वळले.

“साहेब, हा पांढरा डबा तुमचा?”

“हो. कंपनीची मालमत्ता आहे.”

“बाईचा नाई?”

“नाही.”

“पक्कं ना? खोलीचं भाडं देता काय बाईले? विजेचं?”

“भाडं कसलं?”

“नाई देत. बरं. नितेश, दुसऱ्याचं जनावर आपल्या वावरात शिरलं, चरलं, अन् हाकलून निघत नसलं, तर आपण काय करतो बे?”

“कोंडवाड्यात टाकतो,” नितेश म्हणाला, आणि म्हणाल्यावर त्याला समजलं.

ग्रामपंचायतीच्या मागे आमच्याकडे अजून कोंडवाडा आहे. चुकार ढोरं तिथं कोंडतात. मालकानं यावं, दंड भरावा, जनावर माझं आहे असं लिहून द्यावं आणि घेऊन जावं. हल्ली ढोरंच कमी झाल्यामुळे तो ओस पडला होता.

पंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या भगवंतला बोलावलं. त्यानं डबा सोडवला आणि पंपाची वायर सरळ बटणाला जोडली. पियुष सर “हे बेकायदेशीर आहे” म्हणेपर्यंत मशीन एकदा खोकललं आणि चालू झालं. पाणी आलं. अक्कानं ते चाखलं आणि पहिला कॅन नळाखाली सरकवला.

डबा वाजतगाजत कोंडवाड्यात गेला. पंचायतीच्या शिपायाकडे पावतीपुस्तक एकच, जनावरांचं. त्यानं ते इमानदारीनं भरलं. जनावराचा प्रकार, डबा. रंग, पांढरा. शिंगे, नाहीत.

कंपनीनं चोरीची तक्रार दिली. मशीन बंद पडलं तेव्हा पाण्यासाठी जी यंत्रणा आठवडाभर हलली नव्हती, ती डब्यासाठी लगेच हलली. पोलीस ठाण्यातून जमादार आले, सोबत पियुष सर. आम्ही सगळे कोंडवाड्यापाशी उभे राहिलो.

“चोरी काय गेलं?” जमादारांनी विचारलं.

“हा डबा,” पियुष सर म्हणाला.

“हा तर समोर दिसून राह्यला. कोणाचा आहे?”

“कंपनीचा.”

“मंग घेऊन जा. शिपाईभाऊ, यांची सही घ्या.”

शिपायानं पुस्तक पुढे केलं. त्यावर मजकूर लिहून तयार होता, की सदर डबा कंपनीचा असून तो विक्रीच्या दिवसापासून गटाच्या खोलीत, गटाच्या विजेवर, कंपनीच्या कामासाठी राहत होता. मजकूर माझा होता. राज्यशास्त्राचा तेवढा तरी उपयोग व्हावा.

पियुष सरनं दोनदा वाचलं. सही केली तर खोलीचं भाडं आणि विजेचं बिल कंपनीच्या अंगावर येणार होतं. “असं मला लिहून देता येणार नाही.”

“मंग डबा बाईचा हाय असं लिहून द्या,” जमादार म्हणाले. “तिचा असंन तर चोरी नाई, मी घरी जातो.”

“तसंही देता येणार नाही.”

“साहेब, मी पंचवीस वर्षं नोकरी केली. चोर म्हणते माल माह्या नाई, हे लय पाह्यलं. मालक तसं म्हणते, हे पयल्यांदा पाहून राह्यलो.”

पियुष सर बाजूला जाऊन बराच वेळ फोनवर बोलला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पहिल्यांदाच त्याच्या वयाचा दिसत होता. वरून सही करू नये असा निरोप होता. डबा तिथेच ठेवून तो गाडीत बसला. त्यानंतर कंपनीनं अकोल्या-अमरावतीतल्या दुकानदारांना कळवलं की निंबारीच्या गटाला कोणताही भाग विकू नये. डब्यावर हक्क सांगायची त्यांची हिंमत झाली नाही. आमच्या तहानेवर हक्क सांगायला त्यांना सही लागली नाही. अक्का आता फिल्टर नागपूरहून आणवते, दुसऱ्याच्या नावानं.

बेवारस जनावराचा लिलाव करायचा असा पंचायतीचा नियम आहे. बाजाराच्या दिवशी तो ठेवला. जमादार हप्त्याच्या फेरीवर आले होते, तेही थांबले. शिपायानं डबा उंच धरला. बोली कोणीच लावली नाही.

“बाई, तुमीच घ्या ना,” जमादार म्हणाले. “पावती फाटली की कायद्यानं तुमचा होईन.”

“एकडाव घेतला होता ना, जमादार साहेब. पुरा पैसा देऊन. तईं झाला काय माह्या?”

ती खोलीकडे निघाली, कारण तिथं रांग लागली होती. नत्थुजी आमच्या आधी पोचले होते आणि आपला कॅन सगळ्यात पुढे, नळाखाली ठेवून उभे होते. डबा कोंडवाड्यात घालायची युक्ती त्यांची असल्यामुळे तेवढा मान त्यांनी स्वतःच स्वतःला दिला होता.

अक्कानं तो कॅन उचलला, रांगेच्या शेवटापर्यंत चालत गेली आणि आमच्या वस्तीतल्या माणिकबाईच्या घागरीमागे ठेवला.

“इथी,” ती म्हणाली.

नत्थुजी कॅनामागे जाऊन उभे राहिले.