दगडासाठी राखलेली तीन बोटं

मलकापूरच्या लालासाहेब जगतापांनी पोरीसाठी पुण्याहून डोंगरात चालवायची सायकल आणली, ती सत्त्याण्णवच्या दिवाळीत. गावात सायकलींना तोटा नव्हता, पण पुढच्या चिमट्यात शॉकअप असलेली ही पहिलीच. हँडलवर भार टाकला की चिमटा चार बोटं आत जायचा आणि सोडला की हळूच वर यायचा. लालासाहेबांना सगळं कौतुक त्याचंच. सकाळी डेअरीला जाताना ते सायकल हातात धरून चालत न्यायचे. बसायचे मात्र नाहीत. कट्ट्याला टेकवली की माणसं भोवती जमायची.

"दाबू का, लालासाहेब?"

"दाबा की. पैसं पडत्यात व्हय?"

मग एकेकजण दाबून बघायचा. केरबा गुरवानं तर एकदा अख्खं पोट टेकवलं आणि म्हणाला, "आमच्या खाटंपेक्षा मऊ हाय. पोरगी चालवतीया का झोपतीया हिच्यावर?"

पोरगी चालवत होती. संयोगिता कराडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेज सुटलं की आगाशिवच्या डोंगराला लागायची आणि दिवेलागणीला धुळीनं माखून घरी यायची. जानेवारीत कोयनानगरला शर्यत होती. त्यातून जिल्ह्याच्या संघात दोन मुली घेणार होते. त्या दोघींतली एक आपण असावं, यापलीकडं तिच्या डोक्यात त्या थंडीत दुसरं काही नव्हतं.

एक दिवस जेवताना ती म्हणाली, "आबा, चिमट्यातलं रबर बदलायचं हाय. सायकलीसंगं डब्यात काळे गट्टू आल्यात ते घालते. आतले पिवळे लय मऊ हायत."

"मऊ हाय म्हणून तर आणली. कडकच पायजे हुती तर आपली जुनी काय वाईट हुती?"

"दुकानदार मऊ घालून ठेवतो. गिऱ्हाईक हातानं दाबून बघतं म्हणून."

हे लालासाहेबांना लागलं, कारण दुकानात त्यांनीही तेच केलं होतं. मनुबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, भाकरी वाढता वाढता नवऱ्याकडं एकदा बघितलं.

पोरीनं ताटावरच समजावून सांगितलं. पुण्याच्या शिबिरात ती हे शिकून आली होती. चिमट्याला जागा चारच बोटांची. माणूस नुसता बसला की त्यातलं एक बोट जावं. उरलेली तीन बोटं दगडासाठी राखायची. पिवळ्या रबरावर बसल्या बसल्याच तीन बोटं संपतात. मग दगड आला की थेट मनगटावर. आणि चढाला पाय मारावा तर निम्मा जोर चिमटाच खातो.

"खातो म्हंजी?"

"उद्या मागनं या. बघा."

दुसऱ्या दिवशी ते राजदूत फटफटी घेऊन मागून गेले. आगाशिवच्या चढाला पोरगी सीटवरून उठली आणि पायाच्या प्रत्येक दाबाला सायकलीचं तोंड खाली जाऊ लागलं. जड पोत्याखाली बैल मान टाकतो, तसं. वर पोहोचेपर्यंत तिचा श्वास भात्यासारखा चालू होता. लालासाहेब राजदूतवर बसून सगळं बघत राहिले. शेतकरी माणूस, वाया जाणारा जोर त्यांना लगेच दिसतो.

"घाल बाई काळं," ते म्हणाले.

काळे गट्टू बसले. कडक चिमटा उंच राहतो म्हणून संयोगितानं हँडलही दोन बोटं खाली घेतलं. आता डेअरीवर कुणी दाबलं तर चिमटा जेमतेम बोटभर हलायचा.

"जाम झाला की ओ," केरबा म्हणाला. "फसवलं तुमाला पुण्यावाल्यानं."

लालासाहेबांनी ऐकून घेतलं. पण दोन दिवसांनी ते सायकल घरीच ठेवून डेअरीला जाऊ लागले.

शर्यतीच्या दिवशी कोयनेच्या खोऱ्यात उशिरापर्यंत धुकं होतं. मोकळ्या जागेत जीप लावली, सायकल उतरवली. संयोगितानं चाकातली हवा अंगठ्यानं बघितली, थोडी सोडली, पुन्हा बघितली आणि पाठीवर नंबर बांधून घ्यायला गेली.

लालासाहेब सायकलीपाशी उभे राहिले. सहज त्यांनी पुढचं चाक चिमटीत धरलं. टायर दबला. मागचंही दबलं. त्यांच्या उभ्या आयुष्यात दबणारा टायर म्हणजे एक तर पंक्चर, नाहीतर मालकाचा आळस. रबराचं त्यांना कळत नव्हतं, ते त्यांनी मान्य केलं होतं. पण हवेचं कळत नाही असा माणूस अख्ख्या तालुक्यात नव्हता. त्यांनी जीपमधून पंप काढला आणि दोन्ही चाकं दगडासारखी होईपर्यंत हवा मारली. घाम पुसला. पोरीचं काम आपल्या हातून झालं याचं समाधान वाटलं. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं मात्र त्यांच्या मनात आलं नाही. ती आली, सायकल घेतली आणि तशीच रेषेवर जाऊन उभी राहिली.

तीन फेऱ्या होत्या. वर कारवीच्या रानातून चढ, मग सुट्ट्या मुरमाचा उतार, उतारात उंबराखाली एक वळण. लालासाहेब त्या वळणावर जाऊन उभे राहिले. त्यांच्या ओळखीचे, साखर कारखान्याचे संचालक मानसिंगराव शर्यतीला पाहुणे म्हणून आले होते, तेही तिथंच थांबले.

पहिल्या फेरीत चढावरून सगळ्यांत पुढं संयोगिताच दिसली. चिमटा मान टाकत नव्हता. लालासाहेबांनी मानसिंगरावांना कोपरानं ढोसलं. ती उतरली, वळणावर आली आणि हरभऱ्याच्या राशीवर पाय पडावा तसं पुढचं चाक मुरमावरून निसटलं. ती कुशीवर पडली आणि घसरत गेली.

लालासाहेब धावले.

"बाजूला व्हा, आबा. हात लावू नका, बाद करतील."

ती उठली. कोपराची साल गेली होती. तिनं चाक दाबलं आणि तिचा अंगठा टायरवर तसाच थांबला. तिनं बापाकडं बघितलं. बापानं पंपाच्या वंगणानं काळ्या झालेल्या आपल्या हातांकडं बघितलं.

तिनं टोपण काढून नखानं व्हॉल्व दाबला, पुढची हवा सोडली, मग मागची. तेवढ्यात तीन मुली तिच्या शेजारून निघून गेल्या.

पुढच्या दोन फेऱ्यांत ती त्याच वळणावरून सरळ, मऊ झालेली चाकं जमिनीला चिकटवून गेली. एकीला तिनं चढावर गाठलं. दुसरीच्या मागं एक सायकलभर अंतर राहिलं आणि शर्यत संपली. संयोगिता तिसरी आली. दुसरी आलेली मुलगी पाटणची होती. तिच्या सायकलीला शॉकअपच नव्हता.

संयोगिता जीपपाशी बसून चाकं सोडवू लागली. मानसिंगराव लालासाहेबांजवळ आले, आवाज खाली घेऊन म्हणाले, "समितीत आपलं माणूस हाय. शब्द टाकू का? दोनाच्या तीन जागा व्हत्याल."

लालासाहेबांच्या उसाला तोड अशीच मिळायची. घरचा टेलिफोन असाच आला होता. 'टाका' हा शब्द त्यांच्या ओठावर तयारच होता. पोरीचे हात थांबले होते. मान खालीच होती.

"नको," ते म्हणाले. "तिनं हवा बेतानं ठेवली हुती. मीच न इचारता पंप मारला. त्यात समितीनं काय करावं?"

मानसिंगराव हसले. त्यांना थट्टा वाटली. मग लालासाहेबांचं तोंड बघून म्हणाले, "चूक तुमची असंल तर मग टाकलाच पायजे शब्द. पोरीनं का भोगावं?"

लालासाहेब पोरीकडं बघत राहिले.

"काका, नको," संयोगिता म्हणाली. "तिसरी आले ती आले. शब्दावर गेले तर त्या पाटणच्या पोरीच्या शेजारी कुठल्या तोंडानं बसू?"

मानसिंगरावांनी खांदे उडवले आणि ते चहाकडं निघून गेले.

परतीच्या वाटेवर जीपनं पाटण मागं टाकलं. मग लालासाहेबांनी विचारलं, "पुढल्या साली कवा असती ही शर्यत?"

"ह्याच महिन्यात."

"बरं," ते म्हणाले. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. त्याला वाट द्यायला त्यांनी जीप रस्त्याच्या खाली घेतली.