थोराचं बीकन

टॅलो क्रीकच्या डोंगरी बचाव पथकात शिरायचं तर थोरा लिंडक्विस्टच्या हाताखालून जावं लागे, आणि थोराने भल्याभल्यांना रडवलं होतं. वय बासष्ट. हिमस्खलनाखालून नऊ जणांना जिवंत उकरून काढलेली बाई.

गावातल्या शाळेची बस कॉर्लिस चालवायची. दोन हिवाळे ती थोराकडे शिकत होती: बर्फात खड्डा खणून थर वाचायचे, उतारावरून एका वेळी एकानेच स्की करत जायचं, घाई वाटली की आधी थांबायचं. आज शेवटची परीक्षा. पुढारपण तिचं, थोरा आणि पथकातला वेंडेल तिच्या मागे. थोराने मान डोलावली तर पथकात जागा, नाहीतर तिसरा हिवाळा.

निघण्याआधीची रीत ठरलेली. प्रत्येकाच्या छातीवर बीकन असतं. ते सतत इशारा पाठवतं, म्हणून गाडला गेलेला माणूस बाकीच्यांना सापडतो. पुढारी आपलं बीकन ऐकण्यावर लावून वाटेत उभा राहतो आणि एकेकाला समोरून जाऊ देतो.

वेंडेल गेला. टिक टिक वाजलं. थोरा गेली. काहीच वाजलं नाही.

कॉर्लिसने हातातलं यंत्र पुन्हा पाहिलं. आपलंच यंत्र बिघडलं असणार. जिने बीकन हातात धरायला शिकवलं, तिलाच टोकायचं? थोरा तर वीस पावलं पुढे गेलीसुद्धा.

"थोरा, थांबा!" तिचा आवाज चिरकला. "परत या. तुमचं बीकन बोलत नाहीये."

"घ्या!" वेंडेल खिदळला. "आता माशाला पोहायला शिकव."

थोरा परत आली. तिने जाकिटाची चेन उघडून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. सकाळी सरावासाठी बर्फात पुरलेली बीकनची पिशवी शोधून दाखवताना तिने बीकन ऐकण्यावर लावलं होतं. ते अजून तसंच होतं, म्हणजे इशारा पाठवतच नव्हतं.

"मुद्दाम ना?" वेंडेल म्हणाला. "परीक्षा घेत होतात तिची! मानलं बुवा."

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी तीस वर्षांची इभ्रत शाबूत राहिली असती. कोणाला कळणार होतं?

"नाही," थोरा म्हणाली. "विसरले. आज गाडली गेले असते तर तुम्ही माझ्या डोक्यावरून चालत गेला असतात आणि तुम्हाला काही ऐकू आलं नसतं."

तिने बटण फिरवलं आणि एखाद्या नवशिकीसारखी कॉर्लिससमोरून पुन्हा चालत गेली. टिक टिक.

त्या नऊ जणांचे किस्से कॉर्लिसने शंभरदा ऐकले होते. पण ही बाई तिला आजच्याइतकी मोठी कधीच वाटली नव्हती. तिने स्वतःचं बीकन इशाऱ्यावर लावलं आणि वेंडेलसमोर जाऊन उभी राहिली.

"आता माझं तपास."

वेंडेलने आपलं ऐकण्यावर लावून न हसता तपासलं. "वाजतंय," म्हणाला, आणि आपलंही परत इशाऱ्यावर लावलं.

"सोमवारी आठला पथकाच्या गोदामात ये," थोरा कॉर्लिसकडे पाहून मान डोलावत म्हणाली.

"अहो, अजून डोंगर कुठे चढलोय आपण?" वेंडेल म्हणाला.

"डोंगर कोणीही चढतं रे." थोराने काठ्या उचलल्या. "आणि कॉर्लिस, यापुढे रोज सगळ्यात आधी माझं तपासायचं."