मामाचे दोनशे सत्त्याऐंशी डॉलर

प्रज्ञेश ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगच्या युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, एका चिमुकल्या बेटदेशावर पीएचडी करत होता. देशाच्या जमाखर्चात करंट ट्रान्सफर्स नावाचा एक रकाना असतो. परदेशी गेलेल्या लेकरांनी बदल्यात काही न मागता घरी धाडलेला पैसा त्यात येतो. प्रज्ञेशने छातीठोकपणे लिहिलं होतं, कोविडमध्ये नोकऱ्या गेल्या, आता हा रकाना आपटणार. आणि मेला रकाना वर गेला! का गेला ते शुक्रवारी झूमवर त्याच्या गाईडला, एडवर्ड सरांना, पटवायचं होतं. नाही पटलं तर स्कॉलरशिप बंद, आणि फी भरायला खिशात दमडी नव्हती.

कारण लॉकडाऊनमध्ये त्याची कॅफेतली नोकरी गेली होती. पण हे आईला कळू द्यायचं? छे! साठवलेले तीनशे डॉलर त्याने पहिल्याच महिन्यात कल्याणला पाठवले, वर "नो वरीज, आई" असंही सांगितलं. मग सिडनीतल्या स्कोफिल्ड्सचा धर्मपालमामा धावून आला. "जयभीम भाचे, माझ्याकडून दोनशे सत्त्याऐंशी पाठवलेत," म्हणाला. प्रज्ञेशचे डोळे भरून आले. ते सगळेच्या सगळे त्याने आईला पाठवले. पुढच्या महिन्यात मामाने दोनशे चौऱ्याहत्तर दिले, तेही आईला गेले.

गुरुवारी दोनशे एकसष्ट आले, तेव्हा कुठे स्वारीची ट्यूब पेटली. अरे, मामा देईल तर दोनशे एक देईल, पाचशे एक देईल. दोनशे एकसष्टचा आहेर कोण करतं? आणि दर वेळी बरोबर तेरा कमी कसे? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा!

त्याने आईला फोन लावला. नलिनीबाईंनी एका दमात कबुली दिली. त्याचेच पैसे त्या मामाला पाठवत होत्या आणि मामा त्याला देत होता. दर फेरीत बँक आपले तेरा डॉलर कापून घेत होती.

"तुला कसं कळलं नोकरी गेली ते?"

"भरदुपारी चारदा व्हिडिओ कॉल उचलतोस. नोकरीवाला उचलतो का रे?"

"मग पैसे मला सरळ परत का नाही केलेस?"

"तू उपाशीपोटी एवढा रुबाब करत होतास. तो मी मोडू?" म्हणता म्हणता आई रडायलाच लागली. इकडे हाही रडला.

शुक्रवारी एडवर्ड सर, मूळचे वसईचे, कपाळाला आठ्या घालून बसले होते. "बोल, का वर गेला रकाना?"

"सर, नोकरी गेलेलाच जास्त पाठवतो. नाहीतर घरच्यांना कळेल ना!"

"पुरावा?"

"मी."

त्याने सगळं सांगितलं. सर हसले नाहीत. चष्मा काढून पुसू लागले.

"युनीने माझा पगार कापला ना, तेव्हापासून मी मम्मीला दुप्पट पाठवतोय," ते हळूच म्हणाले. "तिला सांगितलंय, प्रमोशन झालं." मग त्यांनी घसा खाकरला. "प्रकरण पुन्हा लिही. स्कॉलरशिपचं मी बघतो. आणि हे बघ, त्यात माझं नाव घालू नकोस. मम्मी सगळं वाचते."